मुलगी, गंजाड, १९९४

डहाणू, १५ जून २०१४

चि. वसूस,
अनेक आशीर्वाद.

तू शाळेतून निवृत्त झालीस आणि मी स्टुडिओला कुलूप लावलं, एकाच पंधरवड्यात. बाबांनी सुरू केलेलं दुकान बंद करताना डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं होतं. आलं, पण धुळीनं. माळ्यावर निगेटिव्हचे एकोणतीस डबे निघाले. हे फोनवर सांगायला गेलो असतो तर मला तुझं अर्धंच ऐकू आलं असतं आणि तू चिडली असतीस, म्हणून पत्र. कानाचं यंत्र टेबलाच्या खणात आहे. तिथे ते नीट चालतं.

सुदर्शन म्हणाला, "अप्पा, टाकू नका, लोकांना देऊन टाका." लेक कॉम्प्युटरवाला, त्याला जगातलं सगळंच देऊन टाकण्यासारखं दिसतं. पण त्यानं कायदा काढून दाखवला आणि मला गंमत वाटली. गिऱ्हाइकानं पैसे देऊन काढून घेतलेला फोटो गिऱ्हाइकाचा, त्यावर माझा हक्क नाही. चाळीस वर्षं मी उगाच 'माझे फोटो' म्हणत फिरलो. पण जे हौसेनं काढले, ज्यांचे पैसे घेतले नाहीत, ते माझे. असे दोनशे बारा निघाले. वरोरला बोंबील वाळवणाऱ्या बाया, चिकूच्या वाड्या, तलासरीचा बाजार, असं काय काय. त्यांवरचा हक्क मला सोडता येतो. दिल्लीच्या कॉपीराइट निबंधकांना ठरलेल्या नमुन्यात कळवायचं, नाहीतर जाहीर नोटीस द्यायची. मी दोन्ही केलं. शिवाय सुदर्शननं इंटरनेटवर जगभर चालणारं एक घोषणापत्र जोडलं. त्यात मी म्हणतो, या फोटोंवर मी काहीही राखून ठेवत नाही, कुणीही, कुठेही, हवं ते करा, माझं नावसुद्धा लावू नका.

नोटिशीचं कात्रण सोबत आहे. लग्नानंतर प्रथमच माझं नाव छापून आलं.

तुझा
दादा

---

तलासरी, २ जुलै २०१४

ती. दादास,
सा. न.

कात्रण वाचलं. 'कायमचा' हा शब्द त्यात तीनदा आहे. तुला चहातली साखर कायमची सोडता आली नाही, आणि हे जमलं!

चांगलं केलंस, खरंच. पण फोटोतल्या माणसांना विचारलंस का? एका पोराची वही दुसऱ्याला द्यायची तर मी आधी त्या पोराला विचारायची. आणि माझा एखादा फोटो नाही ना त्यात? माझं तोंड जगाला दाखवलंस तर पहिली एसटी पकडून डहाणूला भांडायला येईन.

तुझी
वसू

---

डहाणू, २० मार्च २०१५

चि. वसूस,
अ. आ.

तुझा एकही फोटो नाही. निश्चिंत राहा.

आता ऐक. दोनशे बारांतला एकच फोटो सुसाट सुटला आहे. यादीत त्याचं नाव 'मुलगी, गंजाड, १९९४'. गंजाड गावात लाहू म्हणून एक मजूर होता, त्याची पोरगी हिरी. खुर्चीत बसलेली, समोर बघते आहे, एवढंच. सुदर्शन सांगतो, तो सुरतेच्या साड्यांच्या खोक्यावर आहे, नाशिकच्या कुठल्याशा कॅलेंडरवर आहे, एका दवाखान्यानं भिंतभर मोठा करून लावला आहे, तिथला फोटोही त्यानं दाखवला. परदेशातसुद्धा गेला. सगळे म्हणतात, काय डोळे आहेत! नजर हलू देत नाहीत.

चाळीस वर्षांत मला कुणी इतकं नावाजलं नव्हतं. आणि आता नावाजतात तर फोटोवर माझं नाव नाही. तरी छाती फुगते.

तुझा
दादा

---

तलासरी, ९ सप्टेंबर २०१५

ती. दादास,
सा. न.

हे पत्र वहिनींना वाचून दाखवू नकोस, घाबरतील.

महिनाभर मला काहीतरी दिसतं. स्वप्न नाही, भर दुपारी, भाजी निवडताना. परातीच्या जागी पांढऱ्या फरशीची एक जागा येते. समोर लिफ्ट आहे. दार उघडतं, माणसं निघतात, सरळ माझ्या डोळ्यांत बघतात आणि निघून जातात. काल एक बाई थांबली. इतकी जवळ आली की तिच्या नाकातल्या चमकीचे खडे मोजून घ्यावेत. मग ती रडायला लागली. मी दूर व्हायला गेले, होता येईना. डोळे मिटायला गेले, तर तिथे पापणीच नाही. इकडे माझे हात डोळ्यांवर घट्ट, आणि तिकडे ती बाई रडतेच आहे.

आणि दादा, सगळं चष्म्याशिवाय लख्ख दिसतं. विशीत दिसायचं तसं. इथे मात्र सुईत दोरा जात नाही. वापीच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला आहे. लिफ्टबद्दल मी त्यांना काही बोलले नाही.

मला फार भीती वाटते.

वसू

---

डहाणू, ३० सप्टेंबर २०१५

चि. वसूस,
अ. आ.

रिकामपण वाईट. पस्तीस वर्षं पोरांच्या गलक्यात काढलीस, आता घर खायला उठतं, दुसरं काही नाही. मोतीबिंदू काढून घे. चार दिवस इकडे ये, हिच्या हातचं खा.

एक सहज विचारतो. त्या लिफ्टशेजारी निळी कुंडी होती का?

दादा

---

तलासरी, ११ जानेवारी २०१६

दादा,

कुंडी निळीच. वरून कपचा उडालेली. तुझ्या पत्रानंतर मी तीन महिने विचार करते आहे की तुला ते कसं ठाऊक. आज कळलं.

तलासरी नाक्यावर कापडदुकानाची नवी जाहिरात लागली आहे, दोन मजली उंच. तुझी गंजाडची मुलगी, त्या दवाखान्याच्या भिंतीवरची. मी रस्ता ओलांडत होते. वर पाहिलं, आणि त्याच क्षणी मला वरून खाली रस्ता दिसला. ट्रक, केळीवाला, आणि मध्ये उभी असलेली एक म्हातारी, तोंड वासून वर बघणारी. ती मी होते. माझ्या भांगातला पांढरा पट्टा मी वरून पाहिला. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून आज लिहिते आहे.

मग घरी येऊन आरसा घेतला. माझ्या डाव्या बुबुळाजवळ तो ठिपका आहे, लहानपणी करवंदीचा काटा लागला होता तो. तू डोळा धुतला होतास, तुला आठवत असेल. तिच्याही डाव्या बुबुळाजवळ आहे. त्याच जागी.

खरं सांग.

वसू

---

डहाणू, २५ जानेवारी २०१६

चि. वसू,

सांगतो.

चौऱ्याण्णवच्या पावसात लाहू भिजत स्टुडिओत आला. हिरी त्या पहाटे तापानं गेली होती. अठरा वर्षांची. तिचा एकही फोटो नव्हता. असे फोटो आम्ही काढायचो, बाबांच्या वेळेपासून, फक्त घरात बोलायचो नाही. मी गंजाडला गेलो. तिला खुर्चीत बसवली, मागून कुणीतरी पदराआडून मान धरली. आई नवशी एवढंच म्हणाली, "डोले उघडे पायजेत."

मेलेल्या माणसाचे डोळे उघडणं हे ब्रशचं काम. मी तीनदा केलं, तीनदा बाहुली झाली. तेव्हा बाबांच्या डब्यातून तुझी निगेटिव्ह काढली, तू डी.एड.च्या फॉर्मसाठी काढलेला फोटो, अठराव्या वर्षीचा. उजेड त्याच बाजूचा होता. तुझे डोळे घेऊन तिच्या चेहऱ्यात बसवले आणि त्या जोडाची नवी निगेटिव्ह केली. ट्रेमध्ये कागदावर ती हळूहळू उमटली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातून चिमटा पडला होता.

लाहूकडून पैसे घ्यायला जीभ रेटली नाही. घेतले असते तर कायद्यानं तो फोटो त्याचा झाला असता, मला देऊन टाकता आलाच नसता. तुला 'निश्चिंत राहा' लिहिलं तेव्हा हे सगळं डोक्यातून पार गेलं होतं.

सुदर्शनला परत घेण्याबद्दल विचारलं. तो म्हणतो, एकदा सोडलं ते सोडलं, आणि हजारो ठिकाणी गेलेलं कोण गोळा करणार? पण त्यानं घोषणापत्रातलं एक कलम दाखवलं. हक्क सुटतात ते फक्त फोटो काढणाऱ्याचे. फोटोत जो माणूस आहे, त्याचे स्वतःचे हक्क त्याच्याकडेच राहतात. म्हणजे तुझे डोळे कागदोपत्री अजून तुझेच आहेत. याचा तुला काय उपयोग, मला माहीत नाही.

तुला विचारायला हवं होतं.

दादा

---

तलासरी, ४ ऑगस्ट २०१७

दादा,

दीड वर्ष लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर शिव्याच लिहिल्या असत्या. अजूनही राग आहे. तू मला न विचारता एका प्रेताच्या तोंडावर बसवलंस, आणि वीस वर्षांनी न विचारता जगाला वाटलंस. दोन्ही वेळा तुझा हेतू चांगला होता, म्हणून तर तुला मारताही येत नाही.

हे पत्र शेजारच्या कविताबाई लिहून घेत आहेत, अंगणवाडीत असतात त्या. त्यांना सगळं सांगितलं आहे. दोन्ही ऑपरेशनं झाली. डॉक्टर म्हणतात डोळे उत्तम आहेत, दिसत का नाही ते कळत नाही. मला कळतं. तिकडे एक प्रत वाढली की इकडचं एक काहीतरी जातं. आधी अक्षरं गेली, मग चेहरे, गेल्या महिन्यात तुळस गेली. आता खिडकी कुठे आहे एवढं कळतं.

दुकानं, जिने, गोडाऊनं, एका बसची पाठ, सगळं एकावर एक येतं. पण रोज सकाळी एक जागा बाकी सगळ्यांना बाजूला सारून येते. कुडाची भिंत, खुंटीवर टोपली. एक म्हातारी येते, हातभर गोंदलेली. पदरानं काच पुसते, म्हणजे माझेच डोळे पुसते. मग समोर बसून बोलते, बराच वेळ. ओठ हलताना दिसतात, ऐकू काही येत नाही. इथे तू बहिरा, तिथे मी.

ती कोण?

वसू

---

डहाणू, १७ ऑगस्ट २०१७

चि. वसूस,
अ. आ.

ती नवशी. हिरीची आई. लाहू जाऊन दहा वर्षं झाली, आता ती एकटीच असते. तिच्या घरात आहे तो पहिला प्रिंट, माझ्या हातचा. बाकी सगळी त्याची पिल्लावळ.

मी ठरवलं आहे. येत्या सत्तावीसला, रविवारी, गंजाडला जातो. पहिल्या प्रिंटवर पापण्या रंगवून डोळे मिटून टाकतो. मूळ मिटलं तर बाकीचेही मिटतील आणि तुझी नजर तुझ्याकडे येईल, असं माझं मन सांगतं. कायद्यात याला काही आधार नाही. नवशीला सांगेन की बुरशी लागली आहे, साफ करतो.

जुने ब्रश भिजत घातले आहेत. सवय मोडली आहे, पण दोन पापण्या जमतील.

दादा

---

तलासरी, २८ ऑगस्ट २०१७

दादा,

काल तू आलास ते पाहिलं. सव्वाअकरा असतील. दारात वाकताना तुझं डोकं आपटलं. किती वाळलास रे! तीन वर्षांत तुला पाहिलं नव्हतं, मला रडू आलं, पण तिथे पाणी येत नाही.

तू मला भिंतीवरून उतरवलंस. मांडीवर घेतलंस. खिशातून ब्रश काढलास. ब्रशचं टोक इतकं जवळ आलं की त्याचा एक एक केस दिसत होता. मी ओरडले, कविताबाई धावत आल्या. मग नवशीबाई काहीतरी बोलल्या. तू कानात यंत्र घातलं होतंस, म्हणजे तू ऐकलंस. तू ब्रश खिशात ठेवलास, मला परत खुंटीला लावलंस, आणि तोंड फिरवून उभा राहिलास.

काय म्हणाल्या त्या?

वसू

---

डहाणू, ५ सप्टेंबर २०१७

चि. वसूस,

तू लिहिलेलं मी तीनदा वाचलं. डोकं आपटल्याचं मी हिलासुद्धा सांगितलं नव्हतं.

नवशी म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो. "भाऊ, बुरशी नाय तिथं. मी रोज पुसते. तू डोले मिटाया आला ना?" मी ब्रश खाली घेतला. ती म्हणाली, "ते डोले माझे पोरीचे नाय, पयल्या दिवसापासून मला म्हायती आहे. पोरीचे डोले आईला नाय समजनार? लाहू होता तवा मी बोलली नाय, त्याला बरा वाटत होता. कोन बाई आहे ती मला नाय ठाव. पन घरात आली का ती बघते. कोनतरी बघनारा पायजे ना. ती दमली असेल तर मिट."

वसू, मला मिटता आले नाहीत. पण ते माझं झालं. डोळे तुझे आहेत. या वेळी मी विचारतो आहे. तू 'हो' लिहिलंस की दुसऱ्या दिवशी जाऊन मिटतो, आणि तुझी खिडकी, तुझी तुळस तुला परत मिळते का बघू. नवशीला काय सांगायचं ते मी बघीन.

दादा

---

तलासरी, २ ऑक्टोबर २०१७

ती. दादास,
सा. न.

महिनाभर घेतला. तुझं ते २०१४ चं कात्रण कविताबाईंकडून पुन्हा वाचून घेतलं आणि त्यावरून हे सांगितलं. नीट ठेव.

"मी, वसुमती दामोदर सावे, वय ६१, निवृत्त शिक्षिका, राहणार तलासरी, या पत्राने जाहीर करते की, 'मुलगी, गंजाड, १९९४' या छायाचित्रातील दोन डोळे माझे आहेत. ते मला न विचारता वापरले गेले, याची मी नोंद करते. सदर डोळ्यांवरील माझा हक्क मी आज पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या दबावाशिवाय सोडत आहे. ते श्रीमती नवशी लाहू, राहणार गंजाड, यांच्या घरात उघडे राहावेत. इतरत्र ज्याला जसे हवे तसे त्याने वापरावे. हा हक्क मी किंवा माझे वारस परत मागणार नाही."

खाली माझी सही आहे, वाकडी आली. साक्षीदार कविताबाई.

रडू नकोस. लिफ्ट आणि साड्यांची खोकी मला नको होती, आजही नको आहेत. पण त्या सकाळी बोलतात तेव्हा कुणीतरी असायला हवं. मला इथे रोज सकाळी कोण बोलतं? ते जर मिटलं तर मला खिडकी मिळेल, आणि खिडकीबाहेर नाका.

वसू

---

गंजाड, २४ फेब्रुवारी २०१९

चि. वसू,
अ. आ.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. कविताबाई देवमाणूस, पण हे त्यांच्या तोंडून तुला ऐकवायचं नाही. मी मोठ्या अक्षरात तीन पानं लिहितो आहे आणि ती फोटोसमोर धरणार आहे. तू वाचलंस तर वाचलंस. नाहीतर म्हातारा एका तसबिरीला कागद दाखवून घरी गेला, एवढंच होईल.

नोव्हेंबरपासून भूकंपाचे धक्के थांबत नाहीत. तुमच्याकडे तलासरीत जास्त, ठाऊक आहे. इथेही लोक रात्री ताडपत्रीखाली झोपतात. नवशीनं भांडीकुंडी आत ठेवली आणि तुला बाहेर काढलं. म्हणते, बाई घाबरेल एकटी. तुला आंब्याला टेकवून ठेवलं आहे. तुला पानं दिसत असतील.

आता खरं. तू २०१४ ला विचारलंस, माझा फोटो नाही ना त्यात? मी नंतर लिहिलं की डोक्यातून गेलं होतं. खोटं लिहिलं. ती जोडलेली निगेटिव्ह तेव्हा माझ्या हातात होती. मला सगळं आठवत होतं. मी ती बाजूला काढली, आणि परत गठ्ठ्यात ठेवली. आयुष्यात तेवढं एकच काम माझ्या हातून बरं झालं होतं, आणि मरायच्या आधी कुणीतरी ते बघावं असं मला वाटलं. तुझ्यापेक्षा ते मला मोठं वाटलं, वसू. तू हक्क सोडलेस ते मी विसरलो असं समजून. मी विसरलो नव्हतो.

माफ कर.

दादा

---

तलासरी, ३ मार्च २०१९

ती. दादास,
सा. न.

हे माझ्याच हातानं लिहिते, ओळी एकमेकींवर चढल्या तर सांभाळून घे. धक्के आहेतच, मी बरी आहे. कविताबाईंच्या अंगणात झोपते.

रविवारी तू आंब्याखाली उकिडवा बसला होतास आणि नवशीबाई तुझ्यामागे उभ्या होत्या. ऊन होतं म्हणून त्यांनी तुझ्या डोक्यावर टोपली धरली होती. तुझं दुसरं पान उलटं होतं. ते मी तसंच वाचलं. पस्तीस वर्षं टेबलाच्या अलीकडून पोरांच्या वह्या उलट्याच वाचल्या आहेत.

तिसऱ्या पानाच्या शेवटी तुझा अंगठा आला. त्याखाली काहीतरी छोटं होतं. मी वाट पाहिली, पण तू अंगठा हलवला नाहीस. तुझं तोंड मात्र दिसत होतं.

तिथे जे लिहिलं असशील, ते मी केलं आहे.

तुझी
वसू